भरवशाची पट्टी

सोमवार, ३ जून

चि. काट्यास,

ताईचे आशीर्वाद. लहानपणी तू अंगानं काट्यासारखा होतास म्हणून आम्ही तुला काट्या म्हणायचो. परवा सुट्टी संपवून तू बसमधून उतरलास, मी तुला पाठमोरा पाहिला, आणि हाक मारायची मलाच लाज वाटली. लोक म्हणाले असते, बाई चेष्टा करतेय.

सुट्टीत आपण दोघांनी जे केलं त्याला खाणं म्हणत नाहीत रे. समुद्रकाठच्या त्या हॉटेलात नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलाय म्हटल्यावर तू रोज दोनदा रांगेत उभा राहायचास, आणि दुसऱ्यांदा टोपी घालून, म्हणजे वाढणाऱ्यानं ओळखू नये. मी तुला काही बोलले नाही, कारण तुझ्या मागे मीच उभी होते. माझ्याकडे टोपी नव्हती म्हणून मी गॉगल लावला होता.

आज दुकान उघडलं, शिलाई मशीनवर बसले, तर पोट आधी टेबलाला टेकलं आणि हात नंतर पोचले. गिऱ्हाइकाला 'जरा पोट आत घ्या' म्हणून दटावणारी मी, आता कोणत्या तोंडानं दटावू? तेव्हा आजपासून सगळं बंद. सकाळी चालायला जायचं, मग अर्धा तास दोरीवरच्या उड्या, जेवणात उकडलेल्या भाज्या आणि काकडी. गोड दिसलं की तोंड फिरवायचं. तुझ्या भावोजींची बेकरी असल्यामुळे मला दिवसभर गोल गोल फिरावं लागणार आहे, पण मी फिरेन.

हे सगळं फोनवर का सांगत नाही? एक तर तुझा फोन तू समुद्राला वाहिलास. दुसरं म्हणजे फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणतोस आणि पलीकडून चावण्याचा आवाज येतो. पत्र लिहिताना एका हातात पेन असतं, दुसऱ्या हातानं कागद धरावा लागतो. तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील.

सोबत माझी भरवशाची मोजपट्टी पाठवते. लग्नाआधीपासून माझ्या गळ्यात आहे ती. दर रविवारी कंबर मोजायची आणि आकडा कळवायचा. सुट्टीआधी तू अडतीस होतास, तुझा कोट मीच शिवलाय. परत अडतीसवर ये, मग बोलू.

तुझी,
ताई


शनिवार, ८ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग घालायला हल्ली पोट मध्ये येतं, म्हणून उभ्यानंच घातलाय, गोड मानून घे. गोड एवढंच काय ते उरलंय आता.

तुला सांगणार नव्हतो, पण मी नाही सांगितलं तर तुझी वहिनी सांगेल. ताई, मी अडकलो. तुला ठाऊकच आहे, गुरुवार म्हणजे मनोऱ्याच्या घड्याळाला किल्ली द्यायचा दिवस. शिडी चढलो, वरच्या छतातली चौकोनी झडप उघडली, डोकं गेलं, खांदे गेले, आणि मग गाडं अडलं. ना वर, ना खाली. शेवटी तुझ्या वहिनीनं खालून माझे दोन्ही पाय धरले आणि ओढलं. मी तिच्या अंगावर, शिडी माझ्या अंगावर. ती उठली, कपडे झटकले, किल्ली कमरेला खोचली आणि खारीसारखी वर गेली. वर जाऊन गाणं म्हणत होती ती. मी खाली बसून ऐकत होतो.

खरी धास्ती पुढेच आहे. चार जुलैला नगरपालिकेचे साहेब पाहणीला येणार आहेत. नेमलेला माणूस स्वतः वर जातो, तेलपाणी करतो, हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय. नाही गेला तर हे घड्याळ काढून विजेवरचं बसवणार. त्याला किल्ली नको, टोल नाहीत, माणूस नको. बाबांनी आयुष्यभर हे घड्याळ एक दिवस बंद पडू दिलं नाही, तापातसुद्धा कांबळं पांघरून वर जायचे. माझ्या हातून ते गेलं तर मी लोकांना तोंड कसं दाखवू? सगळा घोळ तोंडानंच केलाय म्हणा.

पट्टी मिळाली. पहिला आकडा सांगत नाही. उकडलेला कोबी खातो आहे. तो तोंडात फिरतो, आत जात नाही, त्यामुळे व्यायाम होतो.

तुझ्या उड्यांसाठी माझ्या घड्याळांच्या दुकानातलं एक गजराचं घड्याळ पाठवतोय. जुनं आहे पण ठणठणीत. माझ्या टेबलावर कायम तेच असतं.

तुझा,
काट्या


शुक्रवार, १४ जून

चि. काट्यास,

तुझ्या पत्राच्या डाव्या कोपऱ्यात लोण्याचा डाग आहे. अंगठ्याच्या आकाराचा. कोबीला लोणी सुटत नाही एवढं मला कळतं.

अरे, तुला काही लाजबीज? बाबांचं घड्याळ जायची वेळ आलीय आणि तू कोपऱ्यात बसून पावाला लोणी फासतोस? मनोऱ्याचे टोल ऐकत आपण शाळेत गेलो, टोल ऐकत जेवलो. ते घड्याळ गेलं ना, तर मी तुझ्याशी बोलायची नाही. म्हणजे बोलेन, पण फक्त ओरडायला.

आता माझं ऐक, म्हणजे तुला जोर येईल. मी रोज तुझ्या घड्याळावर अर्धा तास लावून उड्या मारते. पहिल्या दिवशी वाटलं, मेलेच आता. पण काय सांगू, अर्धा तास कसा जातो कळतच नाही! जेमतेम धाप लागते न लागते तोच गजर. शेजारची मास्तरीणबाई तोंडात बोट घालते. ती म्हणते, तुमचा दम दांडगा आहे. मी म्हटलं, बाई गं, मनावर घेतलं की सगळं होतं. नियम म्हणजे नियम. मी बिस्किटाकडे बघतसुद्धा नाही.

तुझी,
ताई

ता. क. मेहुणेबुवा, हे मी लिहितोय, तुमचा भावोजी. ती पाकीट आणायला आत गेलीय तेवढ्यात. ती बिस्किटाकडे बघत नाही हे अगदी खरं आहे. बटणांचा डबा न बघता उघडते आणि न बघता खाते. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बटणं लावायला डबा उघडला तर आत चुरा. त्या उकडलेल्या भाज्या मला पण मिळतात. माझ्या भट्टीसमोर बसून मी दुधी खातो. माझी काय चूक? मी तर सुट्टीला आलोसुद्धा नव्हतो.


रविवार, २३ जून

ती. ताईस,

ताई, अडतीस!

थांब, परत लिहितो. अडतीस! दोनदा मोजलं, मग तुझ्या वहिनीला मोजायला लावलं. श्वास सोडून, पोट ढिलं टाकून मोजलं. तुझी भरवशाची पट्टी अडतीसच म्हणतेय. मी तिला नमस्कार केला.

माझाच विश्वास बसत नव्हता, कारण खरं सांगायचं तर मधले काही दिवस जरा इकडेतिकडे झाले होते. लोण्याचं तू ओळखलंसच. पण शरीराला एकदा वळण लागलं की ते आपलं आपण बारीक होत जातं, असं माझं मत झालंय. कोट मात्र अजून बसत नाही. कपाटात पडून आटला असेल, बघ बाई, तू कापड कुठलं घेतलं होतंस.

वहिनी म्हणते, साहेब येण्याआधी एकदा झडपेतून जाऊन बघा. मी म्हटलं, आकडा आलाय ना, मग बघायचं काय? आणि मनातलं सांगू, मला त्या झडपेची भीती बसलीय. एकदा अडकलेला माणूस उगाच जाऊन खात्री करत नाही. मी आता एकदम चार जुलैलाच जाणार, साहेबांच्या नाकासमोर, सुळकन. तोवर किल्ली ती देतेय. तिला ते आवडायला लागलंय. वर खिडकीत बसून गावभर कोण कुठे जातं बघते आणि खाली येऊन मला सांगते.

अडतीस झाल्याबद्दल आज एक छोटासा केक आणला होता. छोटासाच होता. होता.

तुझा,
काट्या


मंगळवार, २ जुलै

काट्या,

आशीर्वादबिशीर्वाद नंतर. गुरुवारी त्या झडपेत शिरू नकोस!

काय झालं ते सांगते. तुझ्या भावोजींचं बेकरीतलं घड्याळ बंद पडलं म्हणून त्यांनी माझं, म्हणजे तुझं, गजराचं घड्याळ भट्टीपाशी नेलं. सकाळी सगळे पाव कच्चे! आत नुसता गोळा. निम्मं गाव पाव परत घेऊन दारात. मास्तरीणबाई तर पाव दोन बोटांत धरून उभी होती, मेलेला उंदीर धरावा तसा. मग घड्याळ तपासलं तर काय, तुझं ते ठणठणीत घड्याळ नुसतं धावत सुटतं! त्याचा अर्धा तास म्हणजे आपली चहा उकळायची वेळ. म्हणजे एवढे दिवस मी उड्या मारल्या म्हणते त्या कसल्या? मास्तरीणबाईला सांगितलेलं सगळं आता अंगाशी आलंय.

मी तुला लाखोली वाहायला सुरुवात केली. म्हटलं, याला माहीत नसेल का? माहीत असणारच. रोज बघतो, मनातल्या मनात वजा करतो, आणि दुसऱ्याला देताना सांगायचं मात्र विसरतो. आणि एवढं म्हटलं आणि जीभ चावली रे.

माझी पट्टी ताणलेली आहे. वर्षानुवर्षं गळ्यात लटकून, ओढून ओढून कापड सैल झालंय. तिचा आकडा नेहमी कमी येतो. मी तिच्यावर माप घेतलं की न विचार करता दोन बोटं मिळवते. हाताला इतकी सवय झालीय की ती खोटी आहे हेच मी विसरले होते. भरवशाची कसली, भामटी आहे ती! तू अडतीस नाहीस. तू किती आहेस ते देव जाणे. आणि माझ्या कापडाला नावं ठेवायची नाहीत.

वहिनीला फोन लावला तर बंद. तुझा फोन बुडाल्यापासून तू रात्रंदिवस तिच्या फोनवर केकचे व्हिडिओ बघतोस म्हणून ती तो बंद करून डाळीच्या डब्यात ठेवते, हे तिनंच मागे सांगितलं होतं. म्हणून हे पत्र. पोस्टात स्वतः धावत जातेय, तेवढाच खरा व्यायाम.

साहेबांना सांग, पाठीत उसण भरलीय. काहीही सांग. पण शिरू नकोस.

ताई


शुक्रवार, ५ जुलै

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचं पत्र काल दुपारी आलं. सकाळी यायला हवं होतं.

हे सुखरूप आहेत. ते सध्या पालथे झोपलेत, म्हणून मी लिहितेय. सगळं पहिल्यापासून सांगते.

साहेब अगदी वेळेवर आले. दारातून आत येताना ते जरा तिरके झाले तेव्हाच माझ्या मनात आलं, यांचंही आपल्यासारखंच दिसतंय. मी तेलाची बुधली घेऊन आधीच वर जाऊन बसले होते. खालून ह्यांचा आवाज आला, "साहेब, बघा हं, सुळकन जातो." मग झडपेतून ह्यांचं डोकं वर आलं, हसरं. मग खांदे आले. मग हसू गेलं.

मी हात धरून ओढलं, साहेबांनी खालून खांदा लावला. बटणं उडाली, त्यातलं एक साहेबांच्या चष्म्यावर बसलं. पण वन्सं, तुम्ही शिवलेला शर्ट! जरा फाटला असता तर हे निसटले असते. दुहेरी शिवण, एक टाका उसवेल तर शपथ. मला तुमचं कौतुकही वाटलं आणि रागही आला.

तेवढ्यात अकरा वाजायला आले. ह्यांचं डोकं बरोब्बर घंटेशेजारी. पहिला टोल पडला आणि हे जे दचकले, ते सूतभर वर सरकले! दुसरा टोल, परत सूतभर. मी ओरडले, "दचका, दचका!" ते म्हणाले, "दचकतोच आहे!" पण अकरा टोल संपले आणि थोडक्यासाठी राहिलं. आता काय करणार? बाराची वाट बघत बसलो.

तासभर साहेब तरी काय करतील बिचारे? खाली स्टुलावर बसले आणि ह्यांच्या पायांशी गप्पा मारू लागले. निघालं असं की तेही सुट्टीवरून आलेत, त्यांचीही घरी काकडी चालू आहे, आणि त्यांना घरचं कोणी मानत नाही. ह्यांच्या खिशातून तुमची पट्टी लोंबत होती, शुभ म्हणून घेऊन गेले होते हे. साहेबांनी सहज काढली आणि कंबरेला लावली. मग साहेब म्हणाले, "अहो, मी चाळीस आहे!" त्यांचा आवाज भरून आला होता. परत परत मोजत होते. एकदा गाणंसुद्धा म्हणाले.

बारा वाजले. नवव्या टोलाला हे बाटलीच्या बुचासारखे वर आले आणि माझ्या मांडीवर पडले. उरलेले तीन टोल आम्ही दोघं हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. ह्यांनी घड्याळाच्या चाकाला हात लावला आणि "बाबा, आलो बघा" म्हणाले. मग मात्र मी रडलेच.

साहेबांनी झडपेकडे पाहिलं, आणि वर यायचा विचार सोडून दिला. खालूनच म्हणाले, "माणूस वर गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि विजेचं घड्याळ असतं तर त्याला टोल नसते. हा माणूस जन्मभर तिथेच राहिला असता." घड्याळ राहिलं, वन्सं! जाताना साहेब पट्टी मागून घेऊन गेले. हे खाली कसे आले ते विचारू नका. तेलाची बुधली रिकामी झाली एवढंच सांगते.

तुमची,
वहिनी


बुधवार, १० जुलै

चि. काट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या कानाखाली एक, तीही प्रेमाची.

वहिनीचं पत्र मी बेकरीत मोठ्यानं वाचलं. तुझे भावोजी पिठाच्या पोत्यावर बसून हसले आणि उठले तेव्हा पांढरे झाले होते. मी मात्र 'बाबा, आलो बघा' पर्यंत आले आणि पुढचं वाचता येईना. मास्तरीणबाईनं वाचून दाखवलं. कच्च्या पावाचा राग त्यातच गेला तिचा.

आता नीट ऐक. साहेबांना पट्टीबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. माणूस चाळीस होऊन घरी गेलाय, त्याचं सुख कशाला काढून घ्यायचं? ते बारीक व्हायला लागले की आपोआप खरे चाळीस होतील. मीही आता खऱ्या घड्याळावर उड्या मारते. खरा अर्धा तास किती लांब असतो रे! तेवढ्यात माझं सगळं बालपण डोळ्यांसमोरून जातं. बटणांच्या डब्यात बटणंच आहेत, भावोजींनी कुलूप लावलंय.

सोबत नवी पट्टी पाठवते. कडक आहे, एक दोराभरही ताणत नाही. पहिल्या दिवशी रडू येईल, मला आलं. पण पुन्हा टोलांच्या भरवशावर वर जायचं नाही. स्वतःच्या अंगानं जायचं. बाबा जायचे तसं.

तुझी,
ताई


गुरुवार, २२ ऑगस्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा घातला, जमिनीला कपाळ टेकवून, आणि आपला आपण उठलो.

ताई, मी वरून लिहितोय. मनोऱ्यातून! आज सकाळी शिडी चढलो, डोकं, खांदे, पोट, सगळं ओळीनं गेलं. शर्ट अंगात, बटणं शाबूत. नवी पट्टी महिनाभर मला रोज शिव्या देत होती, आज ती गप्प बसली. किल्ली माझ्या हातानं दिली. वहिनी खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि थोडी हिरमुसली पण होती, कारण तिची खिडकी गेली. मी म्हटलं, आलटून पालटून जाऊ.

साहेबांचं एक काम आहे. त्यांनी त्या पट्टीवर माप घेऊन विजार शिवायला टाकली होती, ती अंगात शिरेना. त्यांच्या मते शिंपी चोर आहे. आता ते तुझ्याकडूनच शिवून घेणार म्हणतात. त्यांचं माप चाळीस. तू समजून घे आणि दोन बोटं मिळव.

आता मुद्द्याचं. भावोजींचा केक आज सकाळीच पोचला, 'तुमच्या यशासाठी' अशी चिठ्ठी घालून. फक्त दाखवायला म्हणून वर घेऊन आलो होतो. एक तुकडा बाबांच्या नावानं खाल्ला. एक तुझ्या नावानं. एक वहिनीच्या, ती खाली होती म्हणून. मग साहेबांच्या नावानं न खाणं बरं दिसेना.

मघाशी उतरून बघितलं. पाय गेले. ताई, पायच गेले, पोट वरच राहिलं.

वहिनी खालून विचारतेय की मी एवढा वेळ काय करतोय. तिला म्हटलं, ताईला पत्र लिहितोय. ती म्हणतेय, ते दोरीला बांधून खाली सोडा, मी पोस्टात टाकते, आणि तेलाची बुधली आणते.

अकरा वाजून गेलेत. बाराची वाट बघतोय.

तुझा,
काट्या